हिरोशिमा ते नागासाकी, व्हाया कोकुरा

सोमवार : हिरोशिमा

हिरोशिमाची ट्राम थेट स्टेशनच्या इमारतीत शिरते, आणि तीही वरच्या मजल्यावर. ही सोय अगदी अलीकडची, ऑगस्ट २०२५ मधली. आम्ही नोव्हेंबरात पोचलो तेव्हा तिथलेच म्हातारेकोतारे तिचे फोटो काढत होते. दाजी बॅगा माझ्या गळ्यात मारून फलाटाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. चार ट्राम सोडल्यावर ताईने हाक मारली, तेव्हा कुठे हलले.

आम्ही तिघं. ताई, दाजी आणि मी. दाजींची अख्खी नोकरी ट्रॉम्बेला, बीएआरसीत म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात गेली. राहायला आम्ही सगळे चेंबूरचे. सहल ताईने ठरवली. "फुजी आणि क्योतो सगळेच करतात," एवढंच तिचं कारण. दाजी "बरं" म्हणाले. १९७४ साली पोखरणला जो स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतलं. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला पुन्हा चाचण्या झाल्या तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले, ते दाजींनीच आणले होते. असा माणूस हिरोशिमात काय बोलतो, याची मला खरं तर शहराइतकीच उत्सुकता होती.

पहिल्या दिवशी ते फक्त ट्रामबद्दल बोलले. इथे ६५१ आणि ६५२ क्रमांकाच्या दोन ट्राम अजून धावतात. १९४२ सालच्या. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी बॉम्ब फुटला आणि ९ ऑगस्टला शहराच्या पश्चिमेला एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरूही झाली. पुरुष सैन्यात गेले म्हणून ट्राम कंपनीने युद्धकाळात मुलींची शाळा काढली होती. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी कंडक्टर होत्या, काही तर गाडी चालवायच्या. शहरात मढी पडलेली असताना रुळावरचा राडारोडा कोणी तरी बाजूला केला, तारा जोडल्या, गाडी ढकलली. जपान बँकेची हिरोशिमा शाखा तर ८ तारखेलाच उघडली. हे वाचून मला आधी कौतुक वाटलं आणि मग थोडी भीती. माणूस कामाला इतका बांधलेला असतो?

संध्याकाळी अणुबॉम्ब घुमटाकडे गेलो, बॉम्बमधून उरलेल्या इमारतीकडे. यान लेट्झेल या चेक वास्तुकाराने बांधलेली ही १९१५ सालची इमारत जिल्ह्यातल्या मालाच्या प्रदर्शनासाठी होती. तिचे फोटो इतके पाहिलेत की प्रत्यक्ष पाहताना नवं काही दिसत नाही. मला जास्त लागलं ते मागच्या गल्लीतलं. तिथे एक दवाखाना आहे, शेजारी गाड्या लावायची जागा आणि फुटपाथवर गुडघ्याएवढा दगडी फलक. बॉम्ब बरोबर याच्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. नेम होता जवळच्या आयोई पुलाचा, आकाशातून इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो म्हणून. तेव्हाही इथे दवाखानाच होता, शिमा रुग्णालय. आतलं कोणी वाचलं नाही. डॉक्टर स्वतः आदल्या रात्री दुसऱ्या गावी शस्त्रक्रियेला गेले होते म्हणून वाचले, आणि त्यांनी १९४८ साली त्याच जागी पुन्हा दवाखाना थाटला. आम्ही उभे होतो तेवढ्यात एक बाई औषधाची पिशवी घेऊन बाहेर आली आणि सायकलवर बसून निघून गेली.

मंगळवार : हिरोशिमाच

शांतता स्मारक संग्रहालयाचं तिकीट २०० येन होतं. आत पिवळ्या टोप्या घातलेल्या शाळकरी पोरांच्या रांगाच रांगा. बाहेर कलकलाट करणारी ही पोरं आत आली की आपोआप गप्प होतात, हे तासाभरात तीन-चार तुकड्यांबाबत पाहिलं.

आत काय आहे ते सगळं सांगत बसत नाही. शिन नावाच्या पोराची तीनचाकी सायकल मात्र सांगितली पाहिजे. चार वर्षांचाही नव्हता. बापाने त्याला अंगणातच पुरलं आणि एकटं वाटू नये म्हणून सायकल शेजारी ठेवली. चाळीस वर्षांनी, १९८५ साली, अस्थी नीट दफन करायला काढल्या तेव्हा सायकलही वर आली. गंजलीय, सीटचं नुसतं लोखंड राहिलंय. पुढच्या काचेत एका शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा आहे, आत कोळसा झालेला भात. ताई त्या डब्यापाशी बराच वेळ थांबली आणि मग काही न बोलता बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

दाजी बॉम्बच्या प्रतिकृतीपाशी. "चौसष्ट किलो युरेनियम होतं," ते म्हणाले, "त्यातलं किलोभरही फुटलं नाही. बाकी सगळं वाया." हे ते ज्या आवाजात बोलले, तो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. १९४५ च्या अखेरपर्यंत १ लाख ४० हजारांच्या आसपास माणसं मेली.

संग्रहालयात एक घड्याळ आहे. वरचा आकडा बॉम्बला किती दिवस झाले त्याचा, खालचा जगातल्या शेवटच्या अणुचाचणीला किती दिवस झाले त्याचा. कुठेही चाचणी झाली की खालचा आकडा पुन्हा शून्यावर. वरच्यापुढे तो अगदीच किरकोळ दिसतो. अमेरिकेच्या अध्यक्षांनी नुकतीच चाचण्या पुन्हा सुरू करण्याची भाषा केली होती, त्यामुळे घड्याळापाशी गर्दी होती.

दुपारी एका छोट्या खोलीत वाचलेल्यांची हकिकत सांगण्याचा कार्यक्रम होता. सांगणारी बाई पन्नाशीची, म्हणजे तिने बॉम्ब पाहिलेला नाही. अणुबॉम्बमधून वाचलेल्यांची नोंदणीकृत संख्या मार्च २०२५ मध्ये एक लाखाच्या खाली आली आणि तेव्हा त्यांचं सरासरी वय ८६ होतं. म्हणून महापालिकेने २०१२ पासून वारसदार तयार करायला घेतले. इच्छुक माणूस एखाद्या वाचलेल्या व्यक्तीकडे जातो, दोन-तीन वर्षं तिची गोष्ट समजून घेतो, लिहून काढतो, तपासून घेतो आणि मगच लोकांसमोर उभा राहतो. या बाई सांगत होत्या ती गोष्ट तेरा वर्षांच्या एका मुलीची. आगी पसरू नयेत म्हणून शहरातल्या घरांच्या रांगा पाडून मोकळे पट्टे करायचं काम शाळकरी मुलांना दिलं होतं. त्या सकाळी उघड्यावर काम करणाऱ्यांपैकी सहा हजारांच्या आसपास मुलं मेली.

शेवटी ताईने विचारलं, "सांगताना तुमचं स्वतःचं काही मिसळत नाही का?"

बाई म्हणाल्या, "त्या बोलल्या नाहीत ते मी बोलत नाही. त्या दिवशी आभाळ निळं होतं, हे वाक्यसुद्धा त्यांना विचारून घातलंय."

नंतर पायी तेरामाची भागात गेलो, म्हणजे देवळांचा मोहल्लाच. होसेनबो नावाच्या बौद्ध मंदिरात गिंकोचं एक झाड आहे. स्फोटाच्या जागेपासून १,१३० मीटरवर. देऊळ कोसळलं, झाड जळलं, पुढे त्याला पालवी फुटली. पंचाहत्तर वर्षं इथे काही उगवणार नाही, अशी तेव्हा अफवा होती. नवं देऊळ बांधायची वेळ आली तेव्हा हे झाड नेमकं पायऱ्यांच्या जागी येत होतं. विश्वस्तांनी झाड तोडलं नाही, पायऱ्याच दोन बाजूंना वळवल्या. आता पायऱ्यांच्या मधोमध ते पिवळंधमक झाड उभं आहे आणि देवाकडे जायचं तर त्याला वळसा घालूनच जावं लागतं. शहरात अशी सुमारे १६० झाडं आहेत, प्रत्येकाला पिवळी पाटी. त्यांची देखभाल करणारे झाडांचे डॉक्टर असतात, रीतसर परीक्षा दिलेले. परतताना रस्त्याकडेला ताईला कण्हेर दिसली. "इथे कुठे गं कण्हेर?" म्हणत ती पानं चाचपून पाहत होती. राखेतून सगळ्यांत आधी फुललेल्यांपैकी म्हणून कण्हेर हे हिरोशिमाचं अधिकृत फूल आहे. नोव्हेंबरात फुलं नव्हती.

बुधवार : ओकुनोशिमा

या दिवसाला दाजींचा विरोध होता. "ससे बघायला एवढं लांब?" मिहारापर्यंत शिनकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन, तिथून समुद्राकडेने जाणारी छोटी गाडी, तादानोउमी स्टेशन आणि मग पंधरा मिनिटांची बोट. सशांचं खाद्य बेटावर मिळत नाही, धक्क्यावरूनच घ्यायचं. ताईने दोन पुड्या घेतल्या.

बेटावर उतरल्या उतरल्या ससे पायात. तपकिरी, करडे, निगरगट्ट. जपानी जोडपी जमिनीवर लोळून फोटो काढत होती. आणि मागे झाडीत तीन मजली वीजघराचा सांगाडा, काचा नाहीत, वेली आत शिरलेल्या.

१९२९ ते १९४५ या काळात इथे जपानी लष्कराचा विषारी वायूंचा कारखाना होता. मस्टर्ड, लुइसाइट, एकूण सहा हजार टनांहून जास्त. जपानने १९२५ च्या जिनिव्हा करारावर सही केली होती, पण त्या करारात वायू वापरायला बंदी होती, बनवायला नव्हती. बेट लष्कराच्या नकाशांतून पुसून टाकलं. आम्ही ज्या गाडीने आलो त्या मार्गावर समुद्राच्या बाजूचे पडदे प्रवाशांना ओढून घ्यायला लावत. वायू वापरला गेला चीनमध्ये.

छोटंसं संग्रहालय आहे, १९८८ सालचं. त्यात रबरी पोशाख आहेत आणि आम्ल थंड करायची चिनी मातीची भांडी. लोणच्याच्या बरण्याच वाटतात, फक्त माणूस आत उभा राहील एवढ्या. त्या बरण्यांपाशी मला हिरोशिमापेक्षा जास्त कसंतरी झालं. बॉम्ब टाकणारे दूरचे, शत्रू, वर आभाळात. इथले मात्र समोरच्या गावांतून रोज सकाळी बोटीने कामावर येणारे. पगार आसपासच्या मानाने बरा. शपथ घ्यायची, घरी बोलायचं नाही, डबा खायचा, संध्याकाळी परत. नंतर हेच लोक आयुष्यभर खोकत राहिले. कित्येकांना कर्करोग झाला. संग्रहालयाचे पहिले संचालक पोरवयात याच कारखान्यात कामाला लागले होते. आपण भोगलं एवढंच सांगून न थांबता, आपण काय बनवलं आणि ते कोणावर सोडलं, हेही ते येणाऱ्यांना सांगत. अशी माणसं मला फारशी माहीत नाहीत.

बेटाच्या मागच्या बाजूला वायूच्या टाक्यांची कोठारं आहेत, काँक्रीटची. भिंती काळ्याठिक्कर. युद्धानंतर उरलेलं विष जाळायला ज्वाला फेकणारी यंत्रं चालवली होती, त्याची काजळी अजून आहे. दाजींनी भिंतीला बोट लावलं, लगेच मागे घेतलं, रुमालाला पुसलं. परतीच्या बोटीवर म्हणाले, "आमच्याकडेही घरी बोलायचं नाही, असंच होतं." ताई म्हणाली, "बोलला असतात तरी मला काय कळणार होतं?" यावर ते हसले, पण विषय तिथेच संपला.

रात्री ओकोनोमियाकी, म्हणजे तव्यावरचा कोबी घातलेला जाड धिरडं-प्रकार. डुकराचं मांस वगळून द्या, हे भ्रमणध्वनीवरचं वाक्य दाखवलं. तव्यापलीकडच्या मालकाने मान हलवली आणि जपानी पद्धतीने माशाचा चुरा वरून भुरभुरवला. ताईने तो निवडून माझ्या ताटात टाकला.

गुरुवार : कोकुरा

कोकुरा कोणी पाहायला जात नाही. नागासाकीच्या वाटेवर शिनकान्सेन इथे थांबते, म्हणून उतरलो.

९ ऑगस्टचा दुसरा बॉम्ब खरं तर या गावासाठी होता. इथे लष्कराचा मोठा शस्त्रकारखाना होता. विमानाने तीन घिरट्या घातल्या, पण ढगांमुळे म्हणा, शेजारच्या यावातावर आदल्या दिवशी झालेल्या बॉम्बफेकीच्या धुरामुळे म्हणा, खालचं दिसेना. इंधन कमी, एक पंप बिघडलेला. वैमानिक स्वीनीने विमान नागासाकीकडे वळवलं. तिथेही ढग होते. फट दिसली आणि बॉम्ब सुटला. कारखान्याच्या जागी आता किल्ल्याशेजारची बाग आहे. बागेत नागासाकीच्या घंटेची प्रतिकृती आहे आणि २०२२ मध्ये उघडलेलं शांतता संग्रहालय. आम्ही गेलो तेव्हा बागेत आजोबा मंडळी नातवंडांना झोके देत होती. आपल्याऐवजी दुसरं गाव मेलं, हे या गावाने कसं पेलायचं?

नागासाकी तर लक्ष्यांच्या मूळ यादीत नव्हतंच. यादीत क्योतो होतं. अमेरिकेचा युद्धमंत्री स्टिमसन तिथे पूर्वी जाऊन आला होता. त्याने हट्टाने ते नाव खोडायला लावलं आणि जुलैच्या अखेरीस नागासाकी आत आलं. एक शहर मंत्र्याने पाहिलेलं होतं म्हणून वाचलं, दुसरं ढगांमुळे. कोणाचीही पुण्याई वगैरे काही नाही. गाडीत मी दाजींना पेत्रोवची गोष्ट काढली. २६ सप्टेंबर १९८३, मॉस्कोजवळचं लष्करी केंद्र, उपग्रहाची यंत्रणा सांगतेय की अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघाली आहेत. पाळीवर असलेल्या स्तानिस्लाव पेत्रोवने वर कळवलं की यंत्रणा चुकतेय. खरी सुरुवात करायची तर कोणी पाचच कशाला सोडेल, असा साधा हिशेब. ढगांवर सूर्यप्रकाश चमकला होता, तो उपग्रहाला क्षेपणास्त्र वाटला.

"म्हणजे तिथेही ढगच," ताई म्हणाली.

"नाही," दाजी म्हणाले, "तिथे ड्यूटीवरचा माणूस." आणि मग बराच वेळ ड्यूटीवरच्या माणसांबद्दल बोलत राहिले. रात्रपाळीत काटा हलला तर आधी काटा तपासायचा की आधी घंटा वाजवायची, यावर त्यांच्याकडे पुष्कळ मतं आहेत.

शुक्रवार : नागासाकी

नागासाकी डोंगरांत वसलेलं, बंदराचं, देखणं शहर. हिरोशिमा सपाट, म्हणून सगळं गेलं. इथे डोंगरांनी निम्मं शहर वाचवलं. सापडली ती उराकामीची दरी. ११ वाजून २ मिनिटं. बॉम्ब हिरोशिमापेक्षा मोठा होता, तरी वर्षअखेरपर्यंतचे मृत ७४ हजारांच्या घरात.

उराकामी ही जपानमधल्या कॅथलिकांची जुनी वस्ती. अडीचशे वर्षं बंदी असताना यांनी चोरून धर्म पाळला, मग स्वतः विटा रचून आशियाच्या या टोकाचं सर्वांत मोठं चर्च उभारलं, आणि ते स्फोटापासून जेमतेम ५०० मीटरवर. वस्तीतल्या बारा हजारांपैकी साडेआठ हजार माणसं गेली. ख्रिश्चन देशाने टाकलेला बॉम्ब. चर्च १९५९ साली पुन्हा बांधलं. जुन्या घंटाघराचा घुमट उडून खालच्या ओढ्याकडे जाऊन पडला, तो अजून तिथेच आहे. दोन घंटांपैकी एक फुटली होती. तिच्या जागी अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी दिली, आणि ९ ऑगस्ट २०२५ ला, बरोबर ऐंशी वर्षांनी, दोन्ही एकत्र वाजल्या.

शांततेचा पुतळा प्रचंड आहे, मला आवडला नाही. त्यापेक्षा सान्नो देवस्थानाची अर्धी कमान पाहा. एक खांब गेला, एका पायावर उभी आहे. आत ८०० मीटरवर होरपळलेले दोन कापराचे वृक्ष आता इतके माजलेत की खाली भर दुपारी अंधार.

शनिवार : नागासाकी

सकाळ कास्टेला केकच्या खरेदीत गेली. संध्याकाळी, शेवटचं जेवण म्हणून, चानपोन म्हणजे नूडल्सचं सूप मिळणाऱ्या एका खानावळीत बसलो. ताईसाठी नुसत्या भाज्यांचं.

मी म्हटलं, "दाजी, इतक्या दिवसांत तुम्ही एकदाही वाद घातला नाहीत."

"काय घालायचा? आपल्याला अण्वस्त्रं नकोत असं मी आजही म्हणणार नाही. शेजारी दोघं बाळगून बसलेत." २०२१ पासून अण्वस्त्रबंदीचा करार लागू आहे, त्यात आपण नाही. जपानही नाही, हे मी त्यांना सांगितलं. अमेरिकेच्या छत्रीखाली आहेत म्हणून.

मग त्यांनी कागदी रुमाल ओढला. "तुला एक सांगतो, हे संग्रहालयात कुठे दिसलं नाही. १९८० च्या दशकात जगात सत्तर हजारांच्या आसपास बॉम्ब होते. आज बारा हजार. बाकीचे गेले कुठे? कोणी तरी उघडलेच ना. स्क्रू काढून, एकेक. जे बनवत होते त्यांनीच." रशियाने १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत बॉम्बमधलं ५०० टन युरेनियम पातळ करून अमेरिकेला विकलं. ते तिथल्या अणुवीज केंद्रांत जळलं. अमेरिकेतल्या विजेचा सुमारे दहावा हिस्सा एके काळी त्यातून यायचा. "ज्या शहरांवर पडायचा, त्याच शहरांतले दिवे. वीस हजार बॉम्बचं इंधन. भिजवलं, मिसळलं, पावत्या फाडल्या. कोणी पेढे वाटले नाहीत."

"प्लुटोनियमचं?" मी विचारलं. नागासाकीवरचा बॉम्ब प्लुटोनियमचा होता.

"त्याचं अवघड. ते असं पातळ होत नाही." रुमालावर गुणाकार झाला होता. "वीस हजार, वीस वर्षं. वर्षाला हजार. त्याच वेगाने गेलं तर उरलेल्या बारा हजारांना बारा वर्षं. मी तेव्हा त्र्याऐंशीचा असेन."

ताई पर्समधून डबी काढत म्हणाली, "मग आधी ही प्रेशरची गोळी घ्या. सकाळचीही राहिलीय."